घडाची दवा आणि झुलालचा तळ

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या केळी उत्पादक संघाचे चेअरमन सुरेशचंद शेठ. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, संघाचे फळबाग तज्ज्ञ जितेंद्र साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती ऋतिकाताई. व्यासपीठावरचे सर्व संचालक मंडळ. चोपडा तालुक्यातून आणि पार शिरपूरकडून आलेले बागायतदार. घडांना पिशव्या चढवणाऱ्या, पॅकहाऊसला फण्या कापणाऱ्या, धुणाऱ्या माझ्या ताया. आणि मागे दाराशी उभे असलेले, 'आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत' असं सांगून सांगून घसा बसला तरी आत न येणारे फवारणीवाले भाऊ, या सर्वांना माझा नमस्कार.

मी प्रेमराज. इथे बहुतेक जण मला आबा म्हणतात, आणि त्यातले निम्मे लहानपणी माझ्या हातचा मार खाऊन म्हणतात. गावच्या मराठी शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झालो, आता वडिलांच्या जमिनीत केळी लावतो. संघाचा मी साधा सभासद. संचालक आज नाही, कधी नव्हतो. तेव्हा मी जे बोलेन त्याची जबाबदारी संघावर येत नाही, हे अध्यक्षांनी मनाशी धरावं आणि निवांत बसावं.

शेठजींनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "आबा, पाच मिनिटं. आणि जरा गोड बोला." पाच मिनिटांत आटपेल असं वाटत नाही, शेठ. गोडाचं पुढे बघू.

आज साहेब आपल्याला सोडून पुण्याला चालले. मोठ्या कंपनीत, मोठ्या पदावर. आनंद आहे. आता समोर टेबलावर हा जो घड सजवून ठेवलाय, तो बघा. हार घातलाय त्याला, कुंकू लावलंय. एकेक केळं हातभर. साहेब यायच्या आधी अशी केळी आपण पाहिली होती का? पाहिली असतील तर परगावी, दुसऱ्याच्या टेबलावर. आपली केळी व्यापारी उचलून बघायचा आणि खाली ठेवायचा. तोंडानं काही बोलायचा नाही, पण त्या ठेवण्यातच सगळं बोलून जायचा.

साहेब पहिल्यांदा आले तेव्हा आपल्याला वाटलं, आला एक आणखी बाटलीवाला. पण ह्या माणसानं पहिलं वर्षभर बाटली काढलीच नाही. बांधावर बसला आणि म्हणाला, "आधी झाडाचं पोट भरा." खालच्या बारक्या फण्या काढायला लावल्या. आपला जीव तुटला. जन्माला आलेली फणी काढून फेकायची? काढली, तर वरच्या फण्या फुगल्या. वेळेवर केळफूल मोडायला शिकवलं, पोटॅश कधी आणि पाणी किती ते शिकवलं, घडाला पिशवी घालायला लावली. पिशवी बघून गावातल्या बाया हसल्या होत्या. म्हणाल्या, केळीला परकर नेसवला.

आणि मग दुसऱ्या वर्षी त्यांनी ती दवा आणली, पांढरी पूड. संजीवक. साहेबांनी तेव्हा सांगितलेलं मला शब्दाला शब्द आठवतं, कारण मास्तर माणूस, दुसऱ्याचं चांगलं शिकवणं विसरत नाही. ते म्हणाले, "हे खत नाही आणि विषही नाही. झाडाच्या अंगात जे आपोआप थोडं थोडं तयार होत असतं, तेच आपण बाहेरून द्यायचं. बाग निसवली, घड बाहेर आला, त्याच्या शेवटच्या फण्या उघडल्या की लगेच. मोजकं. केळं लांब होईल, भरेल, साल एकसारखी राहील. जास्त दिलं तर झाड ऐकणार नाही, उलटेल."

उलटेल म्हणजे काय, ते आपल्या रुपचंदनं करून दाखवलं. रुपचंद, हसू नको, मी बघतोय. ह्या गृहस्थानं विचार केला, थोडीशी पूड घातली तर एवढं लांब, तर दुप्पट घातली तर केवढं! घातली. केळी काकडीसारखी लांबली, वाकडी झाली, सालींना चिरा पडल्या, आणि पिकायला ठेवली तर एका फणीतलं एक केळं पिवळं आणि शेजारचं हिरवंच. साहेब रागावले नाहीत. त्यातलं एक सोलून खाल्लं आणि म्हणाले, "रुपचंद भाऊ, चवीला बरं आहे, बटाट्याच्या भाजीत घाला." एवढा सोसणारा माणूस. उगाच नाही आज एवढी माणसं जमली.

इथपर्यंत गोड झालं, शेठ. घड्याळ बघितलंत, मीही बघितलं. आता पुढचं ऐका.

त्या पुडीची एक खोड होती. ती पाण्यात विरघळत नाही. तळाशी बसते. ती आधी स्पिरिटात विरघळवायची आणि मग पंपाच्या पाण्यात सोडायची. दवेच्या पहिल्या वर्षी स्पिरिट कोणाकडे होतं? कोणाकडेच नव्हतं. तेव्हा आपल्यातल्याच कोणीतरी डोकं चालवलं. स्पिरिट म्हणजे दारूच की! मग आणा देशी. चोपड्याच्या दुकानातून देशीच्या बाटल्या आल्या, त्यात पूड ढवळली, पंपात ओतली. जरा गढूळ व्हायचं, पंपाचं नोझल बुजायचं, पण काम भागलं. केळी लांब झाली.

बाटलीत थोडी उरायची. तिचं काय करायचं? फवारणीवाले म्हणाले, आम्हाला द्या. आणि आपण दिली. पुढे त्याचा रिवाज पडला. ज्या बागेची फवारणी संपेल, तिथे शेवटच्या घडावर पंप मारून झाला की मालकानं बाटलीच्या तळाशी थोडी राखायची, एक थेंब केळीच्या बुंध्याशी सांडायचा आणि उरलेली फवारणाऱ्यांना स्वतःच्या हातानं ओतून द्यायची. त्याला आपण नावच ठेवलं, तळ. "यंदा तळ चांगला सोडला," असं कौतुकानं म्हणायचे लोक. माझ्याही बागेत म्हटलेलं आहे.

माझ्या बागेत म्हणणारा होता झुलाल. इथल्या सगळ्यांना माहीत, पण साहेबांच्या सासरची मंडळी आली आहेत म्हणून सांगतो. झुलाल आपल्या फवारणीच्या टोळीतला. शाळेत माझ्या वर्गात होता, पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण आवाज गोड, प्रार्थना तोच सांगायचा. पंप पाठीवर घेऊन बागेत शिरला की गुणगुणत ओळी धरायचा. दारू प्यायचा का? नाही. बारशाला नाही, लग्नाला नाही, पोळ्यालाही नाही. वर्षाकाठी ह्या एका रिवाजापुरतं पेलाभर, तेही मान म्हणून. मी एकदा चिडवलं, "झुलाल, तू माळकरी माणूस, तुला कशाला तळ?" तर म्हणाला, "आबा, तो आमना हक शे. पिऊसुद्धा नको म्हनशात, पन सोडाले लागस." प्यायची नाही म्हणाल तरी सोडावी तर लागेलच, तो आमचा हक्क आहे. ह्या वाक्यात दारूचा वास येतो का तुम्हाला? मला येत नाही.

मग परदेशी गिऱ्हाईकाचा तपासनीस आला. पॅकहाऊस बघितलं, वजनकाटे बघितले, गोदाम उघडलं, तर दवेच्या खोक्यांशेजारी देशीचे क्रेट. आपली सगळ्यांची मान खाली. साहेबांना ते फार लागलं. त्यांनी ठरवलं, संघाच्या गोदामात दारू नको. बरोबरच ठरवलं. त्याऐवजी त्यांनी स्पिरिटाचा निळा कॅन आणला. ते स्पिरिट पुडीसाठी अगदी चोख, पण माणसासाठी विष. मिथेनॉल म्हणतात त्याला. साहेबांनी लपवलं नाही. बागायतदारांची बैठक बोलावली आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "हे देशी नाही. हे पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतो." आपण सगळ्यांनी माना हलवल्या. चहा प्यायलो. उठलो.

मला एक सांगा. त्या बैठकीत फवारणीवाले कुठे होते?

बागेत होते. फवारणी चालू होती ना. ज्यांच्या हातात कॅन जाणार होता ते सोडून बाकी सगळ्यांना आपण कॅनची माहिती दिली. आणि त्यांना नंतर कोणी सांगितलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

शेठजींच्या बागेची फवारणी संपली. टोळीतले बाकीचे पुढच्या बागेला गेले होते, शेवटच्या ओळींना दोघेच राहिले होते, झुलाल आणि हिलाल. झुलाल म्हणाला, "तळ?" तिथे अर्पित होता. शेठ, मी तुमच्या मुलाचं नाव घेतोय. न घेता बोललो तर सगळे तुमच्याकडे वळून बघतात, ते जास्त वाईट. अर्पितच्या मनात काही काळं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. तुमच्या घरात कांदा-लसूण शिजत नाही. त्या पोराला दारूचा वास कसा असतो ते कुठून कळणार? बैठकीत तोही बसला होता, ऐकलंही होतं, पण त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं की स्पिरिट म्हणजे दारूचा कडक अर्क, निव्वळ घेतला तर मारणारा. कडक आहे म्हणून त्यानं त्यात पाणी घातलं. काळजीनं घातलं. बुंध्याशी थेंब सांडला आणि दोघांच्या पेल्यात ओतलं. झुलालच्या पेल्यात जास्त, कारण तो वयानं मोठा. मोठ्याला मान द्यायचा म्हणून.

बसा, शेठ. बसा. मला उतरवायचं असेल तर हॉलला विचारा. हॉल उतरव म्हणाला तर उतरतो.

ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली. झुलाल ओट्यावर डोकं धरून बसला होता. पोटात दुखत होतं, ओकारी थांबत नव्हती. मी त्याच्यासमोर उभा होतो, आणि तो मला विचारतोय, "आबा, कुठे शेतस तुम्ही? पांढरं दिखस. बठ्ठं पांढरं." सगळं पांढरं दिसत होतं त्याला. मी त्याला माझ्या गाडीत घातलं, मागे तसाच ओकणारा हिलाल, पुढे निरोप कळून धावत आलेला अर्पित, झुलालची बायको सुनंदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन. जळगावला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलं होतं?" हिलाल म्हणाला, "तळ." डॉक्टरांना तळ काय कळणार? आणि माझ्या डोळ्यांपुढे तळ म्हणजे अजून देशीच, कॅन मलाही आठवला नाही. त्यांनी अर्पितकडे बघितलं.

आता त्या पोरानं काय सांगायचं होतं? जैनाच्या घरचा मुलगा, भर दवाखान्यात सांगणार की मी ह्यांना माझ्या हातानं दारू ओतली? तो म्हणाला, "फवारणीची दवा गेली पोटात." डॉक्टर म्हणाले, "कोणती दवा? विचारा." अर्पितनं फोन लावला. साहेब तेव्हा पुण्याला एका शिबिरात. फोनचा आवाज मोठा केला होता, मी शेजारी होतो, सुनंदाबाई शेजारी होती. अर्पितनं विचारलं, "साहेब, घडाची दवा पोटात गेली तर काय होतं?" आणि साहेब म्हणाले, "ते संजीवक? काही होत नाही. माणसाला निरुपद्रवी आहे. घाबरू नका."

खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. त्या पुडीनं माणसाला काही होत नाही. विचारलं पुडीचं, उत्तर दिलं पुडीचं. कॅनचं कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांचाही दोष नाही, त्यांनी कानावर आलं त्याचा इलाज केला. सुनंदाबाईनं तो फोन ऐकून हात जोडले. काही होत नाही म्हणाले साहेब. तिनं झुलालच्या कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं, "काहीच नही व्हनार, साहेब सांगी ऱ्हायनात."

दुसरा दिवस उजाडायच्या आत झुलाल गेला.

मी खूप मरणं पाहिली आहेत. ह्या मरणाचा मला अजून राग येतो. वाईट वाटणं राहिलं बाजूला, राग येतो. इतक्या भल्या माणसांनी मिळून, इतक्या चांगल्या हेतूनं, एका माणसाला मारलं, ह्याचा राग येतो.

पण आज सत्कार साहेबांचा आहे, आणि त्यांच्या बाजूनं जे आहे ते मी लपवणार नाही. साहेब सकाळी परतले, झुलाल गेल्याचं कळलं तसे थेट गोदामात गेले, शेठजींच्या बागेतून परत आलेला निळा कॅन उचलला, झाकण काढून हुंगला आणि जमिनीवर बसले. मग उठून जळगावला गेले ते थांबलेच नाहीत. डॉक्टरांना विषाचं खरं नाव सांगितलं. त्यामुळे हिलाल वाचला. त्या विषावरचा उतारा काय, ठाऊक आहे? साधी दारू. डॉक्टरांनी ती नळीनं हिलालच्या पोटात सोडली. झुलालला आदल्या दिवशी तीच मिळाली असती तर आज तो दाराशी त्या लोकांत उभा असता, आत या म्हटलं तरी न येता. हिलाल वाचला, पण त्याची नजर पुरती परतली नाही. समोर माणूस आहे हे ओळखतो, चेहरा ओळखत नाही. आता पॅकहाऊसच्या फाटकावर बसतो. संघानं नोकरी दिली, आणि नोकरीबरोबर गप्प बसणंही दिलं.

कारण मग संचालकांची बैठक झाली. पोलीस येणार होते. कंटेनर निघायचे होते. चेअरमनच्या बागेत, संघाच्या कॅननं माणूस मेला हे परदेशी कळलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं. म्हणून ठरलं की दोघांनी बाहेरची गावठी दारू प्यायली होती, ती विषारी निघाली. झालं. पोलिसांनी सातपुड्याकडच्या एका पाड्यावर जाऊन मोहाची भट्टी फोडली. जिची भट्टी, त्या बाईनं झुलालचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

साहेब त्या बैठकीत होते. साहेब गप्प बसले.

मला हे कसं माहीत? साहेबांनीच सांगितलं. एका दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा निवून गेला तरी हात लावला नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आबा, मी सुनंदाताईंकडे जाऊन आलो. पाया पडलो." मी विचारलं, ती काय म्हणाली? सुनंदाबाई त्यांना म्हणाली होती, "माले कसाले सांगतस? माले ठाऊकच शे. मना मानूस दारुड्या नव्हता, हाई गावले सांगा." मी म्हणालो, "मग सांगा गावाला." साहेब म्हणाले, "आत्ता बोललो तर बागा बुडतील, आबा. मी संघ सोडेन त्या दिवशी सांगेन. सगळ्यांसमोर. सांगितल्याशिवाय जाणार नाही." मी शब्द मागितला. त्यांनी दिला.

त्यानंतर मी कुठे बोललो नाही. साहेबांनी आजवर जे जे कबूल केलं, ते ते केलं होतं. फणी काढा, घड भरेल म्हणाले, भरला. म्हणून ह्याही शब्दावर थांबलो.

पण थांबणं मला सोपं होतं. दुसऱ्या कोणाला तरी ते सोपं नव्हतं.

झुलालची मुलगी डिंपल. बाप गेला तेव्हा बारावीत होती. बाप दारू पिऊन मेला असं तिला गावानं सांगितलं, वर्तमानपत्रानं सांगितलं. आई म्हणाली, नाही. पण आई तर म्हणणारच, असं तिला वाटलं. बाहेर कोणी विचारलं की ती सांगायची, वडील हार्टॲटॅकनं गेले. पुढे तेही सांगेनाशी झाली. घरात बापाच्या फोटोला हार घालायची नाही. कॉलेजात नाव लिहिताना मधलं नाव गाळायला लागली. डिंपल, आणि पुढे एकदम आडनाव. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आबा, ज्या नावाची लाज वाटते ते कशाला मिरवू?" मला सगळं माहीत होतं, आणि साहेबांच्या शब्दापायी मी तिच्यासमोर गप्प उभा राहिलो.

तिनं धुळ्याला शेतकी शिक्षणाला प्रवेश घेतला. हुशार पोरगी. मागल्या महिन्यात त्यांच्या वर्गात फळं मोठी कशी करायची त्याचा धडा होता. सरांनी तीच पांढरी पूड दाखवली. पाण्यात टाकली, विरघळली नाही. मग एक बाटली आणली, त्यात विरघळवून दाखवली, आणि सगळ्या मुलांना बजावलं, ही बाटली तोंडाजवळ नेऊ नका, ह्यानं आधी डोळे जातात. पोरगी तिथेच उभी राहिली. बापाची शेवटची हाक तिनं ऐकली होती ना, ओट्यावर. बठ्ठं पांढरं दिखस. वर्ग सुटला तशी बस धरून गावाला आली. आईला काही विचारलं नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबा, मना बाप काय पिना व्हता?"

माझा बाप काय प्यायला होता. शहरात शिकते, सगळ्यांशी शुद्ध बोलते, पण हे मात्र तिनं घरच्या बोलीत विचारलं.

मी तिला म्हणालो, "डिंपल, तुला सांगायचा हक्क माझा नाही. ज्याचा आहे तो निरोपाच्या दिवशी उभा राहील. त्या दिवशी ये." ती आली आहे. सकाळच्या गाडीनं धुळ्याहून आली आहे. तिसऱ्या रांगेत, आईशेजारी. वळून बघू नका तिच्याकडे, तिला अवघडल्यासारखं होईल. तिच्याऐवजी इकडे व्यासपीठाकडे बघा.

साहेब, आज सकाळपासून मी वाट बघतोय. सत्काराला उत्तर देताना तुम्ही बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही छान बोललात. संघाचे आभार मानलेत, बागायतदारांचे मानलेत, पॅकहाऊसच्या तायांचेही मानलेत. फवारणीवाल्यांचं नाव घेताना थांबलात. घोटभर पाणी प्यायलात आणि बसलात. मला कळलं, तुम्हाला जमलं नाही. म्हणून आयत्या वेळी मी शेठजींना म्हणालो, मलाही दोन शब्द बोलू द्या. त्यांना वाटलं, म्हातारा दोन शब्द गोड बोलेल.

मी जे बोललो ते पुरेसं नाही, हे मला कळतं. उद्या लोक म्हणतील, आबा म्हातारे झाले, झुलाल त्यांचा विद्यार्थी, मायेनं बोलले. कॅन मी आणला नव्हता, फोन मी उचलला नव्हता, संचालकांच्या बैठकीत मी नव्हतो. तुम्ही होतात. तुम्ही उद्या पुण्याला गेलात की हे सांगणारा माणूस ह्या तालुक्यात उरत नाही. मग डिंपलला कोणाच्याही तोंडून काहीही ऐकू आलं तरी ती ऐकीव गोष्टच ठरेल, आणि तिच्या नावातली मधली जागा तशीच रिकामी राहील.

कोर्टकचेरीचं मी म्हणत नाही, ते ज्याचं त्यानं आपल्या मनाशी बघावं. मी एक वाक्य मागतोय. झुलाल काय प्यायला, ते कोणाचं होतं आणि ते त्याला का दिलं गेलं, एवढंच, तुमच्या तोंडून, तुमच्या आवाजात. सुनंदाबाईच्या घरी जाऊन पाया पडलात तेव्हा बोललात तेच. तिथे भिंती होत्या, इथे गाव आहे, फरक इतकाच.

आणि दाराशी उभे असलेले तुम्ही. मघापासून आत या म्हणतोय, येत नाही. आता विनंती करत नाही, तुमचा मास्तर म्हणून सांगतो. या आत. मागच्या वेळी कॅनबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही बागेत होतात. ह्या वेळी तुम्ही ऐकल्याशिवाय कोणी बोलणार नाही. हिलाल, तूही ये. पायरी आहे, हात धर त्याचा कोणीतरी.

आले. बसा. होऊ दे खुर्च्यांचा आवाज, आम्ही थांबतो.

तर मंडळी, मला बोलू दिलंत, शेठजींनी मनाविरुद्ध का होईना मला खाली उतरवलं नाही, ह्याबद्दल त्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. ऋतिकाताई, तुमच्या आनंदाच्या दिवसावर मी पाणी ओतलं, मोठ्या मनानं सोडून द्या. आडमाप बोललो असेन, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, वेळ तर गेलाच, तेवढ्याची मी हात जोडून माफी मागतो. बाकी माफी मागायची ती मी मागून उपयोग नाही, आणि द्यायची तीही तुमच्या हातात नाही. जिच्या हातात आहे ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिनं द्यायची किंवा नाही द्यायची.

ध्वनिक्षेपकवाले भाऊ, मी उतरतोय, पण माइक बंद करू नका. साहेब उठतायत.